आईची केमोची गोळी आणि हार्टची गोळी एकत्र चालते का?

कराडची_लेक: आई ६३ वर्षांची, हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय म्हणून नऊ वर्षं अ‍ॅसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू आहे. आता आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि कॅपेसिटाबिनच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या दिल्यात, १४ दिवस घ्यायच्या ७ दिवस बंद, दुसरी सायकल चालूय. परवापासून दात घासताना थुंकीत रक्त येतंय आणि सुई टोचलेल्या जागी पेरूएवढा काळानिळा डाग पडलाय. कॅन्सरवाले म्हणतात हार्टवाल्यांना विचारा, हार्टवाल्यांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात. फ्लूचं इंजेक्शन द्यायचं का तेही कळत नाहीये, घरात भावाचं अडीच महिन्यांचं बाळ पण आहे.

गोळीवाला: मेडिकल चालवतो. ताई आजच आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) करा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. कॅपेसिटाबिनने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर वाढतो, कधी काही दिवसांत, कधी महिन्यांनी, अगदी केमो थांबल्यावर महिनाभरातसुद्धा. अ‍ॅसिट्रॉम मनाने मात्र बंद करू नका, व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर ते वेगळंच संकट. शौच काळी झाली किंवा डोकं जोरात दुखलं तर सरळ कॅज्युअल्टी. जुलाब लागले तर घरातली मेट्रोजिल देऊ नका, त्याने आयएनआर अजून चढतो. आणि ताकदीच्या गोळीत फॉलिक अ‍ॅसिड आहे का बघा, त्याने केमोचेच त्रास वाढतात.

सातारी_नर्स: फ्लूचं इंजेक्शन मेलेल्या विषाणूचं असतं, चालतं, पण आयएनआर आटोक्यात आल्यावर आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून. बारीक सुई घ्यायला सांगा, नंतर दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. नाकात मारायचा स्प्रे नको, तो जिवंत लशीचा. बाळाचे पोलिओचे थेंबही जिवंत असतात, शीतून बाहेर पडतात, म्हणून बाळाच्या डॉक्टरांना सांगा घरात केमोचा पेशंट आहे, ते थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन देतील. रोटाचे (जुलाबाच्या विषाणूवरच्या लशीचे) थेंब बाळाला द्या, फक्त लंगोट आजीने बदलायचे नाहीत, हाच काय तो वनवास.

कराडची_लेक: रिपोर्ट आला, आयएनआर ५.८, फारच चढलाय!! हार्टवाल्यांना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन आला, आज रात्रीची अ‍ॅसिट्रॉम नाही, उद्या परत रक्त तपासायचं. सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत भरून ठेवल्यात, ताकदीची गोळी निघालीच त्यात, आणि फॉलिक अ‍ॅसिडवालीच.