मदत हवी आहे: ‘ग्राहक आणा, पैसे परत’ हा शब्द पाळला नाही, कलम कोणतं लावावं?

वॉटर प्युरिफायर विकताना विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं: तीन ओळखीचे ग्राहक द्या, २० टक्के रक्कम परत. तिघांनी खरेदी केली. आता कंपनी म्हणते, अशी योजनाच नव्हती. बिलावर पूर्ण किंमत, सवलतीचा उल्लेख नाही. गोची नेमकी इथेच आहे.

रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस दिली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, उत्तर तेच. खरेदीला वर्षही झालेलं नाही, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम ६९ ची तक्रारीसाठीच्या दोन वर्षांच्या मुदतीची अडचण नाही. यंत्र उत्तम चालतं, म्हणजे सदोष वस्तूचा मुद्दाही नाही. विक्रेता कंपनीचा पगारी माणूस, एजंटांची साखळी नाही. २०२१ चे थेट विक्री नियम इथे लागू होतील असं वाटत नाही.

याच कायद्याच्या कलम २(४७) मधल्या अनुचित व्यापारी प्रथेवरच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टिकेल का? आणि चॅटच्या प्रिंटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र तक्रार दाखल करतानाच जोडावं का?