कणकुंबीकडं सीटी स्कॅनची गाडी यावी का?

घाटावरचा: गेल्या पावसाळ्यात चार वर्षांचा भाचा माळ्याच्या शिडीवरून पडला. डोक्याला टेंगूळ, दोन वांत्या. जांबोटीच्या अलीकडं रस्त्यात झाड आडवं, बेळगाव गाठायला दोन तास. स्कॅन नॉर्मल निघाला, पण त्या दोन तासांत बहिणीची काय दशा झाली ते मी बघितलंय. आता सीटी स्कॅनचं मशीन (एक्स-रे किरणांनी डोक्याच्या आतलं दाखवणारं) बसवलेली गाडी आमच्या कणकुंबीसकट सगळ्या खानापूर तालुक्यात फिरवायची बोलणी चाललीत. माझं म्हणणं, लवकर आणा. नको म्हणणाऱ्यांनी आधी तो रस्ता जुलैत चढून दाखवावा.

फिल्मवाला मामा: पंधरा वर्षं सीटीच्या बटणाशी बसतोय. गाडीला माझी ना नाही, पोरांच्या बाबतीतली घाई नको. अमेरिकेत डोक्याला मार लागलेली ४२ हजारांवर मुलं तपासून, कुणाला सीटी लागते नि कुणाला नाही याचे नियम २००९ साली बसवले. पोरगं शुद्धीत आहे, नेहमीसारखं वागतंय, कवटी फुटल्याची खूण नाही, तर बऱ्याचदा काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवून भागतं. गाडी दारात उभी असली की आईबापच म्हणणार, "काढूनच टाका एक."

निपाणीची आक्का: एवढा बाऊ कशाला? डोक्याच्या एका सीटीला साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच की. माझ्या सासऱ्यांना लकवा झाला. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत, आणि डोक्यात रक्तस्राव नाही हे सीटीत दिसल्याशिवाय ते देत नाहीत. आमची मुदत दवाखान्यात न्यायला गाडी शोधण्यातच गेली. अजून त्यांना उजव्या हातानं घास घेता येत नाही.

फिल्मवाला मामा: लकव्याला गाडी हवीच, आक्का. जर्मनीत २००८ पासून त्यासाठीच फिरवतात. पण सासऱ्यांचं माप नातवाला लावू नका. २०१२ च्या ब्रिटिश अभ्यासाचा अंदाज असा: दहा वर्षांखालच्या मुलांच्या १०,००० डोक्याच्या सीटींमागं पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक रुग्ण जादा. थोडंच आहे, म्हणून गरज असेल तेव्हा मीही बटण दाबतोच. पण मोठ्या माणसाचं सेटिंग तसंच ठेवून दाबलं तर पोराला फुकटचा डोस, आणि ते हललं की परत स्कॅन. आम्ही तान्ह्याला दूध पाजून चादरीत गच्च गुंडाळतो, दिवा मंद करतो, झोप लागेस्तोवर थांबतो. बाहेर वीस माणसांची रांग असली तर गाडीत कोण थांबणार? भुलेचा डॉक्टर तरी असणार का?

विहिरीशेजारी: गाडी गेली तरी किरण मागं राहतात म्हणे. आमच्या विहिरीजवळ नको.

फिल्मवाला मामा: बटण सोडलं की संपलं, दिवा मालवल्यासारखं. पाण्याला काही होत नाही.

खानापूरची सून: मुलीच्या स्कॅनला मला आत उभं केलं, शिशाचा एप्रन दिला. 'गरोदर असाल तर आधी सांगा' ही पाटी कन्नड आणि इंग्रजीत. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. पाळी चुकून आठ दिवस झालेले. घरी आल्यावर नणंदेनं पाटीचा अर्थ सांगितला, रात्रभर डोळा लागला नाही. गाडीवर मराठी पाटी असणार का, ते आधी सांगा.

फिल्मवाला मामा: एप्रन होता ना, मग पोटापर्यंत पोचलेलं नगण्य, वहिनी. पण तोंडी विचारायलाच हवं होतं. चूक आमच्या लोकांची.

निपाणीची आक्का: पाटीसाठी गाडी अडवू नका हो. खडूनं लिहा!

घाटावरचा: मामा, झाड आडवं पडल्यावर दोन तासांचा रस्ता तुमच्या नियमांनी कमी होत नाही. माझं मत तेच. मात्र गाडीवाले येतील तेव्हा किरणांच्या मशीनवर देखरेख करणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना दाखवा म्हणणार, आणि लहान पोरांचं वेगळं सेटिंग मशीनवर उघडून दाखवा म्हणणार. तुम्ही येताय काय त्या दिवशी? आम्हाला पडद्यावरचं काय कळणार!

फिल्मवाला मामा: रविवार असला तर येतो.