मदत हवी आहे: जुन्या सजावटीमुळे फ्लॅटला भाव येत नाही, विकण्याआधी काय बदलावं?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमधला आमचा टू बीएचके विकायचा आहे. इमारत १९९३ची, दुसरा मजला. आई आता माझ्याकडे राहते, त्यामुळे घर बंदच असतं. आजूबाजूचे व्यवहार पाहता ९० लाखांची अपेक्षा आहे. पण बघायला येणारे हॉलमध्ये शिरताच "आतलं सगळं काढावं लागेल" म्हणतात आणि १०-१२ लाख कमी सांगतात.

हॉलची एक अख्खी भिंत चॉकलेटी सनमायकाच्या शोकेसने व्यापली आहे. टीव्हीचा कप्पा जुन्या २१ इंची टीव्हीच्या मापाचा, आजचा टीव्ही त्यात बसतच नाही. छताला पीओपीची नक्षी, खाली मोझॅक, किचनला कडप्प्याचा ओटा, बाथरूमला गुलाबी टाइल्स. बाबांनी सुतार घरी बसवून हौसेने करून घेतलेलं काम आहे. आईला ते मोडायचं जिवावर येतंय, पण तिनेच "व्यवहार बघ" म्हणून सांगितलंय.

एजंट म्हणतो, सगळं नवीन करा. मॉड्युलर किचन, नवी फरशी, दोन्ही बाथरूम आणि रंग मिळून ९ लाखांचा अंदाज आलाय. तेवढे वसूल होतात का? की आहे तसं विकून भावात थोडं सोडावं? ज्यांनी जुना फ्लॅट विकलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

९ लाख अजिबात घालू नका. बँकेचा व्हॅल्युअर क्षेत्रफळ, जागा, इमारतीचं वय आणि बांधकामाची अवस्था बघतो, शोकेसमुळे त्याचा आकडा फारसा हलत नाही. हलतो तो घेणाऱ्याचा, आणि त्याचं कारण रोख रक्कम. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. म्हणजे ९० लाखांच्या घराला १८ लाख त्याचे स्वतःचे. त्यावर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ६ लाख ३० हजार (बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), शिवाय नोंदणीचे ३० हजार. इतकं भरून झाल्यावर फोडाफोडीला त्याच्या हातात काही उरत नाही, म्हणून तो खर्च फुगवून धरतो आणि तुमच्या भावातून कापतो.

त्याची ती धास्ती कमी होईल एवढंच करा. शोकेस काढा, त्यामागची भिंत लांबी (पुट्टी) लावून सारखी करा, सगळीकडे पांढरट रंग द्या, दिवे वाढवा. कुठे ओल असेल तर ती आधी बंद करा. ओलीचे डाग रंगाखाली झाकू नका, एका पावसात वर येतात. जुना फ्यूजबोर्ड असेल तर एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) बसवा. किचन-बाथरूमला हात लावू नका, ते ज्याला त्याला आपल्या पसंतीचं हवं असतं.

प्रतिसाद २

मोझॅक फोडू नका, मशीन पॉलिश करून घ्या. आम्ही आमच्या सहकारनगरच्या घरात केलं, फरशी ओळखू येईना. जुन्या फरशीवर नवी बसवायचा सल्ला कुणी दिला तर जपून: लेव्हल वर येते, सगळी दारं खालून तासावी लागतात.

आणखी एक, सोसायटीत रिडेव्हलपमेंटची, म्हणजे इमारत पाडून नवी बांधायची बोलणी चालू असतील तर रंगालाही पैसे घालू नका. तिथे घेणारा कार्पेट एरिया विचारतो, सजावट नाही.

पावत्या मात्र जपा. विक्रीवरच्या करासाठी भांडवली नफा काढताना रंगरंगोटी आणि डागडुजी वजा मिळत नाही, पण खरोखर सुधारणेचा खर्च मिळू शकतो. सीएला आधीच विचारा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रिडेव्हलपमेंटचं अजून कुणी बोललेलं नाही, तरी रविवारी सेक्रेटरींना विचारतो. शोकेस सागाच्या फळ्यांची आहे, वरून सनमायका. आईसाठी त्या फळ्या नीट सुट्या करून घ्यायच्या आहेत. कोथरूड-कर्वेनगर भागात असं काम सांभाळून करणारा सुतार कुणाच्या माहितीत आहे का? आणि पॉलिश आधी की रंग आधी?