पेनसिल्व्हेनिया म्हटलं की रेचल बॉडलीही

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याशी जोडलेल्या व्यक्ती कोणत्या, असं विचारलं की यादीत राज्याचे संस्थापक विल्यम पेन आणि बेंजामिन फ्रँकलिन येतात, ते योग्यच. पण रेचल बॉडली राहून गेल्या, याची चुटपुट लागली म्हणून लिहितेय.

मूळच्या ओहायोच्या बॉडली रसायनशास्त्र शिकवत. १८७४ पासून त्या पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन होत्या. कॉलेज १८५० सालचं, म्हणजे मुलींना डॉक्टरकीचे दरवाजे जवळपास सगळीकडे बंद होते तेव्हाचं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली तिथेच दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पुढच्या वर्षी रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियातच छापलं गेलं, त्याची प्रस्तावना बॉडलींची. तोवर आनंदीबाई पुण्यात वारल्या होत्या, वय अवघं एकवीस. हे वाचताना आजही गलबलून येतं.

याच कॉलेजातून १८८९ मध्ये ओमाहा या मूळ अमेरिकन जमातीच्या सुझन ला फ्लेश वर्गात पहिल्या येऊन डॉक्टर झाल्या आणि आपल्या माणसांवर उपचार करायला नेब्रास्का राज्यात परतल्या. त्यांचं नाव मात्र नेब्रास्काच्या यादीत घ्यावं, असं मला वाटतं.