उत्तर देऊ नका, "का" विचारू द्या

"बारावीत दुसऱ्याला गणितं शिकवण्यात आपला वेळ जातो" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. माझा खरा अभ्यास तिथेच झाला. अशोक चौकाजवळ मित्राच्या गच्चीवर आम्ही चौघं बसायचो. त्याचे वडील यंत्रमागावर, खालून खडखडाट चालूच. एकदा डेफिनिट इंटिग्रेशनचं, म्हणजे आलेखाखालचं ठरावीक टप्प्यातलं क्षेत्रफळ काढायचं गणित निघालं: शून्य ते पाय बाय टू, साइन एक्स भागिले (साइन एक्स अधिक कॉस एक्स). मी ऐटीत एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं, जुन्या आणि नव्या रूपाची बेरीज केली, आत नुसता एक उरला, म्हणजे दुप्पट उत्तर पाय बाय टू आणि मूळ उत्तर पाय बाय फोर. मित्र म्हणाला, "पण असं बदललेलं चालतं कसं रे?" मला सांगताच येईना. सूत्र पाठ होतं, बस.

मग त्यानंच कोपऱ्यातली चादर पसरली आणि या टोकाचं त्या टोकाला करून फिरवली. नक्षी उलटली, कापड तेवढंच! एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घातलं की आलेख नुसता डावी-उजवीकडे उलटतो, खालचं क्षेत्रफळ तेच राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, अशा पोरांना तर हे आपल्या भाषेत बोलणं फार लागतं. म्हणून कुणी अडलं तर नुसता सोडवलेल्या वहीचा फोटो पाठवू नका, कुठल्या पायरीला अडलंय ते आधी विचारा.