ओझोनचं भोक आणि खालचं हवामान

"अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या भोकाचा संबंध फक्त अतिनील किरणांशी, हवामानाशी नाही" असं एक म्हणणं वाचलं, ते पटलं नाही. ही किरणं शोषूनच ओझोन स्थितांबर (वातावरणाचा वरचा थर) तापवतो. तो घटला, म्हणजेच भोक पडलं, की तिकडच्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरात, ध्रुवावरची हवा जास्तच गार राहते आणि तिथला भोवरा (ध्रुवाभोवती फिरणारे जोरदार वारे) लवकर मोडत नाही. त्याचा परिणाम जमिनीपर्यंत यायला मात्र महिना-दोन महिने लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमी वाऱ्यांचा (पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या) पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि पाऊसही त्याच्यामागे जातो.

उलटं उदाहरण २०१९ चं. सप्टेंबरात स्थितांबर अचानक तापलं, भोवरा ढेपाळला, भोक तीसेक वर्षांतलं सर्वांत लहान राहिलं. ऐकायला छानच! पण वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे आला, पूर्व ऑस्ट्रेलियात हवा कोरडी आणि गरम झाली, वणव्यांना मोकळं रान मिळालं. अर्थात त्यात हिंद महासागरातल्या द्विध्रुवाचाही (समुद्राचं पाणी पश्चिमेला गरम आणि पूर्वेला गार असण्याचा) मोठा हात होता. त्याच वर्षी आपल्याकडे पावसाळा ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला होता, आठवत असेल.

बाकी ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांवर बंधनं घालणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर, साधारण २००० पासून, पट्ट्याचं ते दक्षिणेकडे सरकणं थबकलेलं दिसतं.