मदत हवी आहे: फैजपूरच्या घरातल्या तीन फुलदाण्या

नमस्कार मंडळी,

जळगावहून लिहितेय. पंधरा दिवसांत एक निर्णय घ्यायचा आहे आणि यातलं कळणारं घरात कुणी नाही, म्हणून इथे विचारते.

फैजपूरला माझ्या फुईचं जुनं घर आहे (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात). फुई आता मुलाकडे नाशिकला राहायला जाणार, त्यामुळे घर आवरणं चाललंय. तांब्या-पितळेची भांडी वाटून झाली, कपाटं गेली. राहिल्या त्या पुढच्या खोलीतल्या फळीवरच्या तीन फुलदाण्या. मागच्या आठवड्यात जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. तिन्ही मिळून सहा हजार देतो म्हणाले, पण हात मात्र सारखा एकाच फुलदाणीकडे जात होता. आतेभाऊ देऊन टाकायला तयार होता. मी त्याच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले.

किंमत किती येईल हे मला आत्ता विचारायचं नाही. कुणाच्या हातची आहे हे कळल्याशिवाय ती घरातून जाऊ नये, असं मनापासून वाटतं. कॉलेजात असताना पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरीत गेले होते. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली ती जागा. तिथून वीतभर उंचीची एक राखाडी फुलदाणी आणली, तिच्या बुडाशी कुंभाराचा छोटा ठसा दाबलेला आहे. तेव्हापासून कुठलंही मातीचं भांडं हातात आलं की आधी पालथं करून बघते. या तिन्हीही तशाच पालथ्या केल्या.

फुई म्हणते, तिन्ही तिच्या सासऱ्यांनी फैजपूरलाच भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात घेतल्या. म्हणजे डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन, नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून सजवलेलं, जोडीला खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन. घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती खोटी म्हणायला जीभ रेटत नाही. पण पहिलीच फुलदाणी पालथी केली आणि बुडावर रोमन अक्षरांत लाल शाईनं ‘मेड इन जपान’. खादीच्या प्रदर्शनात जपानी माल कोण विकणार? अमेरिकेच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागे. जपानी लोक आधी ‘निप्पॉन’ लिहीत, १९२१ पासून ‘जपान’ लिहू लागले, एवढं मी वाचलं आहे. म्हणजे ही १९२१ च्या नंतरची. तपकिरी अंग, किमोनोतल्या दोन बायका, कडेनं उठावाचे बारीक सोनेरी ठिपके. एका बाजूचं सोनं पार गेलंय. फुई दर दिवाळीत पितळेच्या भांड्यांबरोबर ही पण चिंचेनं घासायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी काचेची, पोपटी-पिवळी, मानेशी बारीक. बुडाच्या मध्यात रुपयाएवढा घासून गुळगुळीत केलेला खळगा आहे, म्हणजे फुंकून केलेली असावी. जळगावला ओळखीच्या सराफांकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. त्यांनी दुकानातले दिवे मालवून त्याखाली धरली आणि ती हिरवीगार पेटली. दुकानातला पोरगा दोन पावलं मागे सरकला. युरेनियम काच, हे तिथेच कळलं. पण आतून तळाशी पांढरट साय धरलीय, ती साबणानं जात नाही. फैजपूरचं बोअरचं पाणी जड आहे, वर्षानुवर्षं त्यात झेंडूची फुलं ठेवलेली.

आता तिसरी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. हातभर उंच, लाल मातीची, वर काचेसारख्या लेपाची (ग्लेझची) पिवळट आणि तपकिरी चकाकी. पोटावरून कमळांचा पट्टा फिरतो, आणि त्या कमळांच्या मधून हंस चाललेत, एकाची मान मागे वळलेली. अजिंठ्याला शाळेच्या सहलीत आणि नंतर पाहुण्यांना घेऊन मी कितीदा गेले असेन. छतावरचे हंस मला ओळखीचे आहेत. फुलदाणी पाहिली की तेच आठवतात. फुईनं तिच्यात कधी पाणी घातलं नाही, कारण ती बाहेरून ओली व्हायची. तिच्यात देवाच्या कापसाच्या वाती असायच्या. आजही आत हात घातला की बोटांना कापसाची तुसं लागतात.

मुंबईच्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या जे. जे. मध्ये, १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली कुंभारकाम सुरू झालं. त्याच सुमारास तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते, १८७२ पासून पुढे बरीच वर्षं. त्या नकलांमधली कमळं, प्राणी, माणसं फुलदाण्यांवर उतरली. म्हणजे अजिंठ्याची कमळं मुंबईला गेली, मातीवर चढली आणि त्यातलीच एक फुलदाणी पुन्हा अजिंठ्याशेजारच्या आपल्या खानदेशात आली असेल का? हा विचार आला आणि रात्री झोप लागली नाही.

बुडाला चकाकी नाही. ओल्या मातीत टोकदार काडीनं काही कोरलंय. रोमन ‘बी’ दिसतो, पुढचं मळानं भरलंय. काठापासून खाली चार बोटं केसाएवढी चीर आहे. माठ घेताना वाजवतो तशी हलकी टिचकी मारली तर आवाज बद्द येतो.

माझे प्रश्न:
कोरलेली अक्षरं खराब न करता कशी वाचायची?
चीर वाढू नये म्हणून काय करू? आतेभाऊ चिकटवायला निघाला होता, मी थांबवलं.
काचेतली साय जाईल का, आणि ती काच घरात ठेवणं बरं का? घरात लहान मूल आहे.
फोटो खाली देतेय, उजेड कमी होता, सांभाळून घ्या.

—

प्रतिसाद, नाशिकहून

ताई, बुडाला पाणी, लिंबू, ब्रश काही लावू नका. तो भाग उघड्या मातीचा आहे, जे घालाल ते शोषून घेईल. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच करा. पातळ कागद, मऊ शिसाची पेन्सिल, हात हलका. शिवाय अंधाऱ्या खोलीत टॉर्च बुडाच्या पातळीत आडवा धरून फोटो काढा, उथळ रेषाही सावली टाकतात.

बद्द आवाजावरून घाबरू नका. लाल मातीची भाजणी पोर्सिलेनपेक्षा कमी तापमानाची, ती अखंड असली तरी खणखणत नाही. चीर मात्र खरी दिसते. काठाला धरून कधीच उचलू नका, एक हात बुडाखाली, एक पोटाला. चिकटवू तर मुळीच नका. बाजारातले डिंक पिवळे पडतात आणि नंतर काढताना कडेची चकाकी घेऊन निघतात. वाती काढून ठेवा आणि खिडकीवरच्या फळीवरून खाली घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे काय तापत असेल!

—

प्रतिसाद, भुसावळहून

काचेबद्दल. साय क्षाराची असेल तर साध्या पांढऱ्या व्हिनेगरनं जाते. फुलदाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी विसळा, दोन-तीनदा करा. बुडबुडे आले तर क्षारच. तरीही राहिली तर काचच झिजलीय, पाण्यानं तिच्यातले घटक ओढून नेलेत, ती घरी दुरुस्त होत नाही. गरम पाणी अजिबात नको, गार काच तडकेल. आणि हे फक्त काचेला, जपानीच्या सोन्याला व्हिनेगरचा थेंबही लावू नका.

शोभेला ठेवायला भीती नाही, किरणोत्सर्ग अगदी कमी असतो. फक्त तिच्यात खायचं-प्यायचं काही ठेवू नका, आणि मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, फुटण्याच्या भीतीनं. पेटली म्हणून जुनी, असं मात्र समजू नका. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) १८३० च्या दशकापासून ही काच होते आहे आणि आजही नवी बनते. बुडाच्या कडेवर भिंगातून बघा: वापरानं पडलेले ओरखडे सगळ्या दिशांना असतात, मुद्दाम घासलेले एकाच दिशेनं.

—

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, फोटोवरून कुणी ‘हो, तीच’ म्हणालं तरी धरून चालू नका. मुंबईला भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबई कलाशाळेची भांडी मांडलेली आहेत. आधी जाऊन ती डोळ्यांनी बघा: मातीचा रंग, चकाकी कुठे थांबते, रेघ कशी ओढली आहे. सिंधच्या कुंभारकामाची छापही त्यांत दिसते. मग संग्रहालयाला फोटो पाठवून वेळ मागा.

अजून एक. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. त्या गृहस्थांना परवाना दाखवा म्हणा.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फैजपूरला जाऊन आले.

आधी काच. पहिल्याच रात्री बुडबुडे आले, सकाळी अर्धी साय निघाली. तळाशी एक गोल राहिलाय, तो तिसऱ्या वेळेलाही हलला नाही. राहू दे, झेंडूच्या फुलांची खूण म्हणून.

कागद-पेन्सिलीला फुई स्वतः बसली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. ‘बी’च्या पुढे ‘ओ’ आला, मग ‘एम’, मग मातीचा एक टवका उडालेला, आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत एक आकडा, बहुधा ‘३७’. एवढंच. ३७ म्हणजे नग क्रमांक की आणखी काही, कुणाला माहीत असेल तर सांगा. कागद पाहून फुई म्हणाली, “माले वाटे आपलाच गावनी शे.” मी तिला अजिंठ्याचं सांगितलं. ती गप्पच बसली, मग म्हणाली की सासरे मुंबईला कापसाच्या सौद्याला वर्षातून दोनदा जायचे. हे तिनं आजवर कधीच सांगितलं नव्हतं. अधिवेशनाची गोष्ट कदाचित चौथ्या कुठल्या तरी वस्तूची असेल, फुटून गेलेल्या.

त्या गृहस्थांना परवान्याचं विचारलं. पुन्हा फोन करतो म्हणाले, अजून आलेला नाही. आतेभावानं दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलंय.

आता शेवटचा प्रश्न. भायखळ्याला आधी रिकाम्या हातानं जाऊन येईन, पण त्यांनी वेळ दिली तर फुलदाणी न्यावी लागेल. जळगावहून रात्रीच्या गाडीनं. चीर असलेली वस्तू उभी न्यायची की आडवी? फुईनं तिची जुनी गोधडी काढून ठेवलीय. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला आणि भोवती ती भरली तर पुरेल, की आतूनही मऊ कापूस भरायला हवा? चिरेवर आतून दाब आला तर, ही भीती वाटते. कुणी असं काही नेलं असेल तर कृपया लिहा.